तुमचे प्रश्न : आकडा आला कुठून?

या महिन्याच्या टपालात तीन पत्रं एकाच वाटेची निघाली. बायोटेक्नॉलॉजी शिकलेल्या माणसाला कन्सल्टिंग कंपनीत ॲनालिस्ट व्हायचं असेल, तर अंगात काय लागतं? मी नऊ वर्षं एका इंजेक्शनच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलमध्ये प्लेटवरच्या कॉलन्या मोजल्या आणि त्यानंतर दहा वर्षं हेच ॲनालिस्टचं काम केलं. त्यामुळे ही उत्तरं मनापासून लिहिते आहे. पहिलं उत्तर लांबलं आहे, ते लांबू दिलं आहे.

ताई, मी नांदेडला एमएस्सी बायोटेकच्या शेवटच्या वर्षाला आहे. वर्गातले बरेचजण पीएचडीची तयारी करतायत. मला कंपन्यांना सल्ला देणाऱ्या फर्ममध्ये ॲनालिस्ट व्हायचं आहे. पण माझं इंग्रजी जेमतेम, एमबीए नाही, पुण्या-मुंबईत ओळख नाही. जाहिरातींत ‘ॲनालिटिकल स्किल्स’ आणि ‘प्रॉब्लेम सॉल्व्हिंग’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे नेमकं काय शिकू? मला अगं-तुगं केलंत तरी चालेल. – एक वाचक, नांदेड

‘ॲनालिटिकल स्किल्स’ या शब्दांनी मलाही सुरुवातीला काहीच कळलं नव्हतं. कळलं ते एका कामातून. तेच तुला सांगते, कारण तुला लागणारं जवळजवळ सगळं त्यात आहे.

साल २०१५. मला फर्ममध्ये लागून काही महिने झाले होते. एका औषध कंपनीला ट्रास्टुझुमॅबच्या बाजारात उतरायचं की नाही हे ठरवायचं होतं. ट्रास्टुझुमॅब हे स्तनांच्या कॅन्सरवरचं अँटिबॉडी औषध. ज्या गाठीत हर-टू नावाचं प्रथिन जास्त असतं, तिथेच ते चालतं. बायोकॉनने त्याचं बायोसिमिलर (मूळ जैविक औषधासारखंच, दुसऱ्या कंपनीने बनवलेलं औषध) आदल्याच वर्षी भारतात आणलं होतं, ४४० मिलिग्रॅमच्या कुपीची छापील किंमत ५७,५०० रुपये. प्रश्न असा होता, की भारतात वर्षाला किती कुप्या लागतील?

मी एक्सेल उघडलं. ग्लोबोकॅन या जगभरच्या कॅन्सर-आकडेवारीच्या २०१२ च्या अंदाजात भारतात स्तनांच्या कॅन्सरच्या वर्षाला १,४४,९३७ नव्या केसेस होत्या. हर-टू पॉझिटिव्ह साधारण पाचातली एक, म्हणजे २९,०००. बाईचं वजन ६० किलो धरलं. पहिला डोस किलोमागे ८ मिलिग्रॅम, म्हणजे ४८०. पुढे दर तीन आठवड्यांनी किलोमागे ६, म्हणजे ३६०. वर्षभरात असे १८ डोस. बेरीज ६,६०० मिलिग्रॅम. ४४० ने भागलं तर बरोब्बर १५ कुप्या. भाग इतका नेमका गेला की मला वाटलं, आपण कुलूप उघडलं. २९,००० गुणिले १५ गुणिले किंमत, बाजार अडीच हजार कोटींचा.

आमच्या मॅनेजर बाईंनी तो कागद पाहिला. हिशेबात चूक काढली नाही. एवढंच विचारलं, “यातल्या किती जणींची हर-टूची तपासणी होते? आणि हा आकडा तुला कुठून मिळाला?” मी तपासणी शंभर टक्के धरली होती, आणि तसं धरलंय हे मला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. न लिहिलेलं गृहीतक. या धंद्यातली सगळ्यात महाग चूक तीच.

पुढचे तीन आठवडे मी एक्सेल जवळजवळ मिटलंच. पॅथॉलॉजी लॅबमध्ये फोन केले, काही ठिकाणी जाऊन बसले. तपासणीत ० ते ३ असे गुण देतात. ३ आले तर पॉझिटिव्ह, ० किंवा १ आले तर निगेटिव्ह, आणि २ आले तर ‘फिश’ ही आणखी एक महाग तपासणी करावी लागते. एका लॅबमधल्या तंत्रज्ञाने मला सांगितलं, “मॅडम, २ चा रिपोर्ट घेऊन गेलेले पेशंट पुष्कळदा फिशसाठी परत येतच नाहीत.” माझ्या शीटमध्ये त्या बायकांसाठी रकानाच नव्हता.

मग एका हॉस्पिटलच्या डे-केअर वॉर्डात, जिथे केमो देतात, तिथल्या सिस्टरांशी बोलले. त्यांनी फ्रिज उघडून दाखवला. आत ट्रेमध्ये उघडलेल्या कुप्या, प्रत्येकीवर पांढरी पट्टी, पट्टीवर पेशंटचं नाव आणि बॉलपेनने लिहिलेली तारीख. ४४० च्या कुपीबरोबर जंतू वाढू न देणारं खास पाणी येतं. त्यात औषध विरघळवलं तर ते २ ते ८ अंशांत २८ दिवस टिकतं. साधं निर्जंतुक पाणी वापरलं तर लगेच वापरायचं आणि उरलेलं टाकायचं. म्हणजे ३६० चा डोस दिल्यावर उरलेले ८० मिलिग्रॅम त्याच बाईच्या २१ दिवसांनंतरच्या डोसला कामी येतात, पण सिस्टरांनी ते जपून ठेवलं तरच. घरी येऊन मी डोसामागून डोस मांडत गेले. कागदावर १५ कुप्या. जपून वापरणाऱ्या वॉर्डात १६, कारण मधेमधे २८ दिवस उलटतात आणि थोडं औषध वाया जातंच. उरलेलं टाकून देणाऱ्या ठिकाणी १९. औषध तेच, डोस तोच, आणि एका बाईमागे चार कुप्यांचा फरक. सिस्टरांनी फ्रिजचं दार उघडलं नसतं तर तो मला कधीच दिसला नसता.

शेवटचा आकडा मी इथे देऊ शकत नाही, तो क्लायंटचा आहे. अडीच हजार कोटींच्या जवळपासही तो नव्हता, एवढं सांगते. (हेही कौशल्यच समज. काय बोलायचं नाही हे कळणं. गोपनीयतेच्या करारावर सही केली की घरच्या जेवणाच्या टेबलावरही क्लायंटचं नाव निघत नाही. माझ्या आईला मी कुठल्या कंपन्यांसाठी काम केलं ते आजही माहीत नाही.)

आता यातून तुझ्यासाठी काय निघतं ते बघ.

पहिलं म्हणजे तुझं विज्ञान वाया जात नाही, ते रोज लागतं. ते ट्रास्टुझुमॅबचं काम संपल्यावर चार वर्षांनी, २०१९ मध्ये, लॅन्सेटमध्ये ब्रिटनमधला ‘पर्सेफोनी’ अभ्यास छापून आला. चार हजारांहून जास्त बायकांवर केलेला. त्यांना असं दिसलं की सुरुवातीच्या टप्प्यातल्या कॅन्सरला सहा महिन्यांचा कोर्स बारा महिन्यांच्या तुलनेत कमी पडत नाही. अठराऐवजी नऊ डोस. आपल्या ६० किलोच्या बाईचा हिशेब कर, ३,३६० मिलिग्रॅम, आठ कुप्या. एका शोधनिबंधाने पंधराच्या आठ होऊ शकतात. डॉक्टर ते स्वीकारतील का, किती जण स्वीकारतील, हा पुढचा प्रश्न. पण तो निबंध वाचून ‘कमी पडत नाही’ या वाक्यामागचं संख्याशास्त्र ज्याला समजतं, त्यालाच हा प्रश्न सुचतो. म्हणून बायोस्टॅटिस्टिक्सचा पेपर नुसता सोडवून मोकळी होऊ नकोस. कॉन्फिडन्स इंटर्व्हल म्हणजे काय हे तुझ्या आजीला समजेल असं सांगता आलं पाहिजे.

दुसरं, आकड्याच्या मुळापर्यंत जायची सवय. ग्लोबोकॅनचा आकडा हा अंदाज आहे, शिरगणती नव्हे. तो देशभरातल्या कॅन्सर नोंदण्यांवर उभा आहे, आणि त्या नोंदण्यांत देशाचा थोडाच भाग येतो. माझं माहेर सोलापूर जिल्ह्यातलं. आमच्या बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालू आहे, देशातली पहिली ग्रामीण नोंदणी ती. तिथले दर आणि मुंबईचे दर शेजारीशेजारी ठेवून बघ. स्तनांच्या कॅन्सरचं प्रमाण शहरात कितीतरी जास्त दिसतं. मग ‘भारताचा दर’ असा एकच आकडा लातूरला लावायचा का? हे नोंदण्यांचे अहवाल आयसीएमआर प्रसिद्ध करते, फुकट मिळतात. एक अहवाल घेऊन आठवडाभर त्याच्याबरोबर बस.

तुझ्याकडे लॅबची वही आहे ना? तारीख, लॉट नंबर, कोणी केलं, काय बदललं, सगळं त्यात लिहितेस. शीट तशीच करायची. आमच्याकडे हाताने टाकलेला आकडा निळ्या अक्षरात आणि सूत्राने आलेला काळ्या अक्षरात ठेवतात. प्रत्येक निळ्या आकड्याच्या शेजारी तीन रकाने: कुठून घेतला, कधीचा आहे, गृहीत असेल तर का गृहीत धरला. एवढी शिस्त असलेली मुलगी मला मिळाली तर तिला एक्सेलच्या बाकीच्या खुब्या मी महिन्याभरात शिकवीन. सम-इफ्स, एक्स-लुकअप, पिव्होट टेबल एवढ्यावर पहिलं वर्ष निघतं.

तिसरं, कायदा आणि परवानग्या. आपल्या अभ्यासक्रमात हा भाग अगदीच पातळ आहे, त्याचं मला वाईट वाटतं. एकच उदाहरण देते. ॲडालिमुमॅब हे संधिवातावरचं अँटिबॉडी औषध. झायडसने त्याचं बायोसिमिलर भारतात डिसेंबर २०१४ मध्ये आणलं. अमेरिकेत पहिलं बायोसिमिलर बाजारात यायला जानेवारी २०२३ उजाडलं. रेणू तोच, विज्ञान तेच. मधली आठ वर्षं मुख्यतः पेटंटांनी आणि त्यांवरच्या तडजोडींनी अडवून धरली. भारतात औषधावर प्रॉडक्ट पेटंट २००५ पासून मिळू लागलं, पेटंट कायद्याचं कलम ३(ड) काय म्हणतं, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्लिव्हेक या कॅन्सरच्या औषधाच्या खटल्यात त्याचा अर्थ कसा लावला, हे तुला गोष्टीसारखं सांगता यायला हवं. सीडीएससीओ या केंद्रीय औषध नियामक संस्थेच्या तज्ज्ञ समित्यांच्या बैठकांची इतिवृत्तं त्यांच्या संकेतस्थळावर असतात. कुठल्या कंपनीला काय विचारलं, कोणाचा अर्ज परत पाठवला, ते त्यात वाचायला मिळतं. माणसांवर चालू असलेल्या औषधांच्या चाचण्यांसाठी सीटीआरआय ही सरकारी नोंदणी बघ. भारतात २००९ पासून चाचणीची नोंदणी तिथे बंधनकारक आहे. कोण कशावर काम करतंय हे तिथे बसल्याजागी समजतं.

इंग्रजीचं म्हणशील तर, छोटी वाक्यं बिनचूक लिहिता आली की पुष्कळ झालं. स्लाइडच्या मथळ्यात ‘बाजाराचा आढावा’ असं लिहू नकोस, पूर्ण विधान लिही: ‘तपासणी वाढल्याशिवाय विक्री वाढणार नाही’. मथळे ओळीने वाचले तर सगळं म्हणणं समजलं पाहिजे. हे इंग्रजीपेक्षा विचाराचं काम आहे, आणि विचार तू मराठीत करून मग लिहिलास तरी काही बिघडत नाही. उलट तुझ्या मराठीची किंमत तुला अजून कळलेली नाही. त्या तंत्रज्ञाने ‘पेशंट परत येतच नाहीत’ हे मला मराठीत सांगितलं. इंग्रजी प्रश्नावली घेऊन गेलेल्या माझ्या सहकाऱ्याला त्याने ‘येस सर, ऑल टेस्ट्स अव्हेलेबल’ असं उत्तर दिलं होतं. अनोळखी माणसाला फोन लावून, त्याच्या वेळेचा मान राखून, आपण कोण आणि कशासाठी विचारतोय हे खरं खरं सांगून बोलतं करणं, हे मी या पेशातलं पहिल्या नंबरचं कौशल्य मानते. खोटं नाव सांगून माहिती काढायला कोणी सांगितलं, तर ती नोकरी सोड.

एआयचं तू विचारलं नाहीस, पण मनात असेल. वापर. शोधायला, सारांश काढायला त्याचा उपयोग होतो. मात्र त्याने दिलेला आकडा मूळ कागद उघडून डोळ्यांनी पाहिल्याशिवाय शीटमध्ये टाकायचा नाही. निळ्या आकड्याशेजारी ‘एआयने सांगितलं’ असं लिहिलेलं मला चालणार नाही.

आणि ओळखीचं. एक काम कर. बायरॅक या केंद्र सरकारच्या बायोटेक संस्थेची ‘बिग’ नावाची योजना आहे. नव्या कल्पनेवर काम करणाऱ्यांना ५० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. पुण्यात पाषाणला एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारात व्हेंचर सेंटर आहे, तिथे अशी स्टार्टअप्स भरपूर आहेत. त्यांची उत्पादनं वाच, एक निवड, आणि त्या उत्पादनाचा बाजार किती हे चार पानांत, प्रत्येक आकड्याच्या उगमासकट लिहून त्यांना पाठव. दहा जणांना पाठवलंस तर दोघे उत्तर देतील. त्या दोघांपैकी कोणाबरोबर दोन महिने काम केलंस, तर मुलाखतीत तुझ्याकडे सांगायला स्वतःची गोष्ट असेल. पीएचडी नाही, एमबीए नाही, याने पहिली नोकरी अडत नाही. पुण्यात झेडएससारख्या कन्सल्टिंग कंपन्यांची मोठी ऑफिसं आहेत आणि त्यांना विज्ञानाची मुलं लागतात. मुलाखतीतली केस, म्हणजे सोडवायला दिलेला धंद्यातला प्रश्न, मोठ्याने बोलत सोडवायची असते, तेव्हा खोलीत एकटीने, आवाज काढून सराव कर. पहिली केस माझ्याकडून घे: नांदेड जिल्ह्यात वर्षाला इन्सुलिनच्या किती कुप्या लागतात? मला लिहून पाठव. मी उत्तर देईन.

मी ३४ वर्षांचा, तळोजा एमआयडीसीत इंजेक्शनच्या प्लांटमध्ये ११ वर्षं क्यूएमध्ये (क्वालिटी ॲश्युरन्समध्ये) आहे. घराचं कर्ज आहे. कन्सल्टिंगमध्ये जायचं म्हटलं तर २३ वर्षांच्या पोरांबरोबर शून्यापासून सुरुवात करावी लागेल का? – एक वाचक, पनवेल

नाही, आणि तशी सुरुवात करूही नका. वर त्या मुलीला जे सांगितलं ते बाजार मोजायचं काम. तुमची जागा वेगळी आहे. एखादा गुंतवणूकदार कारखाना विकत घ्यायला निघतो तेव्हा त्याला असा माणूस लागतो, जो डेव्हिएशनचं, म्हणजे ठरलेल्या पद्धतीपासून झालेल्या चुकांचं, रजिस्टर चाळून सांगेल की इथे तीच चूक वर्षात पाच वेळा ‘ह्यूमन एरर’ म्हणून बंद केली आहे, म्हणजे मूळ कारण कोणी शोधलेलंच नाही. अमेरिकेच्या एफडीएचा ४८३ (तपासणीत सापडलेल्या त्रुटींचा फॉर्म) हातात आल्यावर त्यातली कुठली नोंद कागदपत्रांची आणि कुठली थेट निर्जंतुकतेच्या मुळावर आलेली, हे तुम्हाला पाच मिनिटांत कळतं. २३ वर्षांच्या हुशार पोराला ते वर्षभरातही कळणार नाही.

शिवाय वेळ तुमच्या बाजूची आहे. औषध कारखान्यांसाठीची उत्पादन-नियमावली, म्हणजे सुधारित शेड्यूल एम, डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचित झाली, आणि लहान-मध्यम कारखान्यांना त्यासाठी दिलेली वाढीव मुदतही २०२५ च्या अखेरीपर्यंतचीच होती. महाराष्ट्रातल्या कितीतरी छोट्या उत्पादकांना जाणकार माणूस हवा आहे.

तुम्हाला दोन गोष्टी कमवाव्या लागतील. एक, पैशांची भाषा. ‘एचव्हीएसी (हवा शुद्ध आणि थंड ठेवणारी यंत्रणा) बदलावं लागेल’ इथे थांबू नका. किती लाख, किती महिने लाइन बंद, त्यात किती बॅच बुडतील, इथपर्यंत जा. त्यासाठी आधी ताळेबंद वाचायला शिका. औषध कंपन्यांनी आयपीओपूर्वी सेबीकडे दिलेले मसुदे फुकट वाचायला मिळतात, त्यातलं ‘जोखीम’ हे प्रकरण तुमच्या ओळखीच्याच गोष्टींचं आहे. दुसरी गोष्ट जरा अवघड. क्यूएचा माणूस ‘चालणार नाही’ म्हणायला शिकलेला असतो, मीही तशीच होते. सल्लागाराला ‘असं केलं तर चालेल, आणि त्याला इतका खर्च येईल’ म्हणावं लागतं. निकष सैल करायचा नाही, वाट दाखवायची.

कर्ज आहे तोवर नोकरी सोडू नका. आधी सध्याच्या कंपनीत टेक ट्रान्स्फरच्या किंवा दुसऱ्या साइटच्या ऑडिटच्या कामाला नाव द्या. बाहेर फावल्या वेळात सल्ला द्यायचा मोह होईल, पण तुमच्या नेमणूकपत्रात त्याला मनाई आहे का ते आधी वाचा.

माझ्या मुलाने बीटेक बायोटेक केलं आहे. एक संस्था ‘लाइफ सायन्स कन्सल्टिंग ॲनालिस्ट’ असा सहा महिन्यांचा कोर्स दीड लाखात देते, नोकरीची हमी म्हणते. पैसे भरावेत का? – एक पालक, सांगली

माझ्या मते नको. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे बायोस्टॅटिस्टिक्सचे, पेटंट कायद्याचे अभ्यासक्रम फुकट ऐकता येतात, परीक्षेपुरती थोडी फी पडते. एक्सेल घरी बसून येतं. वर सांगितलेली सरकारी संकेतस्थळंही सगळ्यांना खुली आहेत. मुलाला हे उत्तर आणि पहिलं उत्तर दोन्ही वाचायला द्या. त्याला खरंच या कामाची ओढ असेल तर तो महिन्याभरात एक शीट भरून तुमच्यापुढे ठेवेल.

तरीही संस्थेला भेटायचंच असेल तर त्यांच्याकडे शिकलेल्या आणि आज नोकरीत असलेल्या तीन मुलांशी तुमची गाठ घालून द्यायला सांगा, आणि ‘नोकरीची हमी’ म्हणजे काय हे लेखी मागा: कोणतं पद, किती पगार, नाही मिळाली तर पैसे किती दिवसांत परत. कागद द्यायला टाळाटाळ झाली तर दीड लाख बँकेतच राहू द्या.